दिवसाची घडी आणि आयुष्याची दोरी

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही आपल्यापुढे जमाखर्च मांडतो. किती खाटा भरल्या, किती शस्त्रक्रिया झाल्या, निर्धन रुग्ण निधीतून किती कुटुंबांस साह्य पोहोचले, हा तपशील अहवालाच्या पुढील पानांवर छापलेला आहे. त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ घेत नाही. आम्ही वैद्य नाही. वाणिज्य शाखेतून आलो आणि उमेदीची वर्षे रोजकीर्द-खतावणीत घालवली. त्यामुळे या वर्षी विश्वस्त मंडळाने आरोग्यदायी सवयींविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मग ध्यानात आले की, या विषयातील एक हिशेब असा आहे, जो डॉक्टरांपेक्षा कचेरीत बसणाऱ्यानेच द्यायला हवा. तो हिशेब आपल्या रुग्णालयाच्या फाटकापाशीच सुरू होतो.

आमच्या फाटकावर रात्रपाळीला एक रखवालदार असत. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर. सारे त्यांना मामा म्हणत. रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची पाळी. ती संपली की जवळच्या सेक्टरमधील दोन इमारतींत गाड्या धुण्याचे काम. खोलीवर पोहोचेपर्यंत अकरा वाजत. मुलांचा गलका, कुकरच्या शिट्ट्या, दारावरचे फेरीवाले यांच्यामधून जी चार तास झोप मिळे, तिच्यावर त्यांनी सहा वर्षे निभावली. रात्री डोळा लागू नये म्हणून तंबाखू-चुन्याची चिमूट आणि टपरीवरचा गोड चहा. एके दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास त्यांच्या हातातला चहाचा पेला गळून पडला, तोंड एका बाजूस ओढले गेले आणि बोलणे अडखळू लागले. सुदैवाने पाळीवरच्या परिचारिकेने लक्षण तत्काळ ओळखले. रक्तदाब २१० वर १२० होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता; तो लहान होता म्हणून मामा बचावले, परंतु उजव्या हाताची पकड पूर्वीसारखी राहिली नाही.

ज्या खोलीत रोज बाह्यरुग्णांचा रक्तदाब मोजला जातो, ती खोली मामांच्या खुर्चीपासून चाळीस पावलांवर आहे. सहा वर्षांत त्यांचा रक्तदाब एकदाही मोजला गेला नव्हता. रखवालदार कंत्राटदारामार्फत येतात, म्हणून कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. ती यादी आमच्या कचेरीत, आमच्या सहीने तयार झाली होती.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी बिलाच्या खिडकीशी आल्या. बिल माफ झाल्याचे आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, "साहेब, यांनी दारूला कधी हात लावला नाही, कुणाशी भांडण नाही, सहा वर्षांत एक खाडा नाही. मग आमचं चुकलं कुठे?" त्या माउलीस उत्तर देणे आम्हांस जमले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. उलवे, गव्हाण, वहाळ, मोरावे, तरघर या गावांतील वडीलधाऱ्यांना जुना काळ आठवत असेल. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी या तिन्ही व्यवसायांस ऊन, पाऊस व भरती-ओहोटी यांचे वेळापत्रक होते. ते जीवन सुखाचे होते असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. कष्ट अपार होते, मिसरीची सवय घरोघर होती, खारवलेल्या सुक्या मासळीतून मीठही भरपूर पोटात जाई. परंतु दिवसाला एक घडी होती. काळोख पडला की बहुतेक घरे निजत आणि उजाडले की उठत.

पुढे ही घडी बदलत गेली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. १९८९ साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि बंदराला रात्र नसते. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकलगाडी खारकोपरपर्यंत आली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली. या प्रत्येक गोष्टीने रोजगार आणला, आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र प्रत्येकीने आपापले घड्याळही बरोबर आणले. आज एकाच इमारतीत एक शेजारी पहाटे पाचला खारकोपर स्थानकाकडे निघतो, दुसरा त्याच वेळी कंटेनर यार्डातून परततो आणि तिसऱ्याच्या घरी रात्री साडेअकराला जेवणाची पाने मांडली जातात. पूर्वी गावाची एक घडी होती. आता एका घरातही चार घड्या आहेत.

शरीराचे घड्याळ मात्र इतक्या सहजी बदलत नाही. आपल्या शरीरातील पेशींमध्ये सुमारे चोवीस तासांच्या आवर्तनाने चालणारी यंत्रणा आहे. तिची गुणसूत्रांतील गुरुकिल्ली शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश व मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांस २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रणेस डोळ्यांवर पडणारा प्रकाश वेळ सांगतो. अंधार पडला की झोप आणणारे संप्रेरक स्रवू लागते, पचन मंदावते. गाढ झोपेत निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसाच्या मानाने दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयास व रक्तवाहिन्यांस जी काही विश्रांती मिळते ती हीच. ती वर्षानुवर्षे मिळाली नाही तर त्याचे परिणाम तत्काळ दिसत नाहीत. आमच्या भाषेत सांगावयाचे तर हा घसारा आहे. घसाऱ्यापोटी तिजोरीतून रोकड जात नाही, म्हणून तो जाणवत नाही. पण खात्यावर तो दरसाल लिहिला जात असतो आणि एक दिवस यंत्र बंद पडते.

रात्रपाळीविषयी जगभर बराच अभ्यास झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली, दीर्घकाळ रात्रपाळी करणे हे कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या वर्गात घातले. मधुमेह व हृदयविकार यांचे प्रमाणही अशा कामगारांत अधिक आढळते. झोप अपुरी झाली की भूक चाळवणारी संप्रेरके वाढतात आणि मन गोड-तळलेल्या पदार्थांकडे ओढ घेते, असेही काही अभ्यासांत आढळले आहे. मध्यरात्रीच्या वडापावाला केवळ जिभेचे चोचले म्हणून हसणे म्हणूनच योग्य नव्हे.

झोप किती असावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रौढ माणसास सात ते नऊ तास, असे तज्ज्ञ सांगतात. परंतु २०२४ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आम्हांस विचार करावयास लावले. ब्रिटनमधील सुमारे ६० हजार स्त्री-पुरुषांच्या मनगटावर यंत्र बांधून त्यांची झोप मोजण्यात आली व पुढे काही वर्षे त्यांची नोंद ठेवण्यात आली. निजण्या-उठण्याच्या वेळा ज्यांच्या नियमित होत्या, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी होते. आणि हा संबंध झोपेच्या तासांहूनही अधिक ठळक दिसला. तास महत्त्वाचे आहेतच. तथापि रविवारी दुपारपर्यंत झोपून आठवड्याची थकबाकी फेडता येईल, या समजुतीला फारसा आधार उरत नाही.

दुसरा विषय रक्तदाब व साखर यांचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांस मधुमेह असून ३५.५ टक्के लोकांस उच्च रक्तदाब आहे. म्हणजे या सभागृहात तीन माणसांमागे एकाहून थोडे अधिक. "आम्ही तर सडपातळ, आम्हांला काय होणार?" असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ब्रिटिश सहकारी डॉ. यडकिन यांच्यासमवेत स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. आपली भारतीय शरीरयष्टी अशी फसवी असते. आरसा पाहून आरोग्याचा अंदाज बांधता येत नाही, मोजावे लागते.

दीर्घायुष्याची गोष्ट निघाली की कोकणच्या माणसास महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. १८५८ साली जन्मलेले, दापोली तालुक्यातील मुरूडला वाढलेले अण्णा १९६२ साली निवर्तले तेव्हा १०४ वर्षांचे होते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाले की हिंगण्याच्या आश्रमापर्यंतची वाट ते पायी तुडवीत, पावसाळ्यात चिखलातूनही. व्यायाम म्हणून ते चालत नव्हते. चालणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. एका थोर पुरुषाच्या वयावरून नियम काढू नये, हे आम्ही जाणतो. परंतु शास्त्राचा कौलही याच बाजूस आहे. लंडनच्या बससेवेतील चालक व वाहक यांची तुलना डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. दिवसभर दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी होता आणि बैठ्या चालकांत अधिक. २०२५ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, रोज दोन हजार पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सात हजार पावले चालणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे ४७ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्या उलव्यातील रस्ते रुंद आहेत. सात हजार पावले येथे कठीण नाहीत.

आता आम्ही आमच्याच घराकडे वळतो. मामांच्या प्रसंगानंतर वैद्यकीय अधीक्षक, मेट्रन आणि आम्ही अशा तिघांनी ओळीने चार रात्री रुग्णालयात काढल्या. जे दिसले ते सांगताना मान खाली जाते. कक्षातील दिवे रात्रभर लखलखीत. ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट. पहाटे साडेचारला सर्व दिवे लावून ताप व नाडी पाहण्यास प्रारंभ. कारण पाळी बदलण्यापूर्वी नोंदवही पूर्ण व्हावयास हवी. म्हणजे रुग्णास झोपेतून उठविले जात होते ते त्याच्या प्रकृतीसाठी नव्हे, आमच्या वहीसाठी! फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, त्यात गोंगाटावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. इतक्या वर्षांनी आम्हांस त्याची आठवण झाली.

यास्तव काही बदल केले. अत्यवस्थ रुग्ण वगळता इतरांस रात्री साडेदहा ते पहाटे साडेपाच या वेळेत उठवायचे नाही, असा नियम केला. कक्षांत मंद दिवे लावले, ट्रॉलींस रबरी चाके बसवली. नातेवाइकांसाठी जिन्याखालच्या जागेऐवजी दार लागणारी एक खोली दिली. तक्रारवहीत झोपमोडीचे शेरे पूर्वी पानोपानी असत, ते आता क्वचित दिसतात. रखवालदार, सफाई कामगार, स्वयंपाकघरातील बायका, कायम असोत वा कंत्राटी, सर्वांचा रक्तदाब व रक्तातील साखर वर्षातून दोनदा तपासली जाते. फाटकावरील बारा तासांची पाळी बंद करून आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या, आणि रोजाचा दर असा ठेवला की कुणाला सकाळी गाड्या धुण्यास जावे लागू नये. मामा आता दिवसपाळीत चौकशीच्या खिडकीवर बसतात. डाव्या हाताने लिहावयास शिकले आहेत. तंबाखू सुटली, दोन वेळा परतली आणि तिसऱ्यांदा सुटली.

येथे उपस्थित कुटुंबीयांस आमची काही नम्र निवेदने आहेत.

पहिले असे की, निजण्याची व उठण्याची वेळ ठरवावी आणि सुटीच्या दिवशीही ती शक्यतो पाळावी. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास आधी उरकावे. मोबाईल उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवावा. गजरासाठी जुने घड्याळ पुष्कळ झाले.

दुसरे निवेदन, घरात रात्रपाळीचा माणूस असेल तर त्याची दिवसाची झोप ही घरातील सर्वांची जबाबदारी मानावी. खिडकीस जाड पडदा लावावा, दूरदर्शन संच मंद ठेवावा, दारावरची घंटा तेवढा वेळ बंद करावी. त्याने पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा आणि मध्यरात्री भरपेट न जेवता हलके खावे. दुपारी झोपलेल्या मुलास वा सुनेस आळशी म्हणू नये. सून रात्रपाळीहून आली असेल तर सकाळचा स्वयंपाक तिच्यासाठी राखून ठेवू नये.

तिसरे, घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे. मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडकत असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर डॉक्टरांस दाखवावे. रक्तदाब व मधुमेह यांचा त्याच्याशी निकटचा संबंध असतो.

चौथे मीठ व तंबाखू यांविषयी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा एक चमचाही पुरता नव्हे. आणि त्यात लोणचे, पापड, सुकी मासळी सारे आले. मिठागरांच्या मुलखातील माणसांस हे कठीण वाटेल, पण सुकी मासळी पाण्यात चांगली भिजवून, ते पाणी टाकून रांधली तर बरेच मीठ निघून जाते. राज्यात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मिसरी व चुना-तंबाखू घराघरांत आहेतच. त्यांची बंदी घरातल्यांनीच घालावयाची आहे.

शेवटचे निवेदन म्हणजे तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर मोजून घ्यावी. मोजण्यास पाच मिनिटे लागतात. न मोजल्याने मूत्रपिंडे निकामी झाली, तर डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास खाटेवर पडून राहावे लागते. त्या कक्षाबाहेर बसलेल्या कुटुंबीयांचे चेहरे आम्ही रोज पाहतो. त्या खर्चातील काही भाग धर्मादाय निधीतून भरता येतो. त्या घराचे गेलेले दिवस कोणत्याही निधीतून भरता येत नाहीत.

आता देणगीदार महोदयांस एक विनंती. आपल्या औदार्यावरच हे रुग्णालय उभे आहे, याचे विस्मरण आम्हांस कधी होणार नाही. यंत्रासाठी देणगीदार लवकर मिळतो; यंत्रावर नाव कोरता येते, फीत कापता येते, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु फाटकावरच्या तिसऱ्या रखवालदाराच्या पगारावर कुणाचे नाव कोरता येत नाही. मंद दिवा, रबरी चाक, कंत्राटी बाईच्या रक्ताची तपासणी यांस संगमरवरी पाटी नाही. हा खर्च या वर्षी आम्ही सर्वसाधारण निधीतून केला. तो दरवर्षीचा आहे. एकदा करून थांबलो तर त्याचा काही उपयोग नाही. विश्वस्त मंडळाने यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष उघडण्यास संमती दिली आहे. त्या शीर्षाखाली आपली देणगी आल्यास आम्ही तिचा हिशेब पै-पैने देऊ. मात्र कापण्यास फीत नसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

मामांच्या पत्नीस द्यावयाचे उत्तर अजून बाकी आहे. त्यांचे काही चुकले नव्हते. सहा वर्षांत एकही खाडा न करणाऱ्या माणसाच्या विश्रांतीचा हिशेब ठेवणे हे ज्यांचे काम होते, त्यांच्याकडून चूक झाली. आपणां सर्वांसमक्ष ती आम्ही आमच्या नावे टाकतो.

आपल्या सर्वांच्या घरी रात्री वेळेवर दिवे मालवले जावोत आणि सकाळी सारी माणसे धडधाकट उठोत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.